चाळीस जोड चपला

“लिही. या सेनापतीनं आयुष्यात शत्रूला कधी पाठ दाखवली नाही.”

बोजी, म्हणजे आमचे जुने सेनापती, ऊ श्वे मान यांनी हे वाक्य डोळे मिटून सांगितलं आणि मी ते काळ्या घडीवहीवर पांढऱ्या खडूनं उतरवलं. आतून त्यांच्या पत्नी दॉ मे नु म्हणाल्या, “पाठ दिसेल इतक्या जवळ शत्रू आला होता कधी?”

“हे लिहू नकोस,” बोजी म्हणाले.

मी लिहिलं नव्हतंच. सतरा दिवसांच्या लेखनिकीत तेवढं शिकलो होतो.

मंडालेला राजा होता तोवर बोजींच्या मागून चार सोनेरी छत्र्या चालत. राजा गेला. तीन छत्र्या कसरीनं खाल्ल्या आणि चौथीखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती उठेपर्यंत छत्री हलवायची नाही, असा दॉ मे नुंचा हुकूम होता आणि सेनापती तो पाळत होते. आता उरलं होतं ते चरित्र. गावच्या मठात ते ताडपत्रावर कोरून ठेवायचं ठरलं होतं. घडीवहीतलं ओल्या फडक्यानं पुसता येतं. लोखंडी काट्यानं ताडपत्रावर कोरलेलं पुसता येत नाही. कोरायला उद्यापासून सुरुवात होती. म्हणूनच त्या दुपारी दॉ पॉन आली.

तिचा नवरा बो थाउंग हा बोजींचा दुय्यम. चौतीस वर्षांपूर्वी, दक्षिणेत इंग्रजांशी झालेल्या लढाईत, नदीकाठच्या ठाण्यावरून तो आणि त्याची माणसं, मिळून चाळीस जण, पळाले, असं सगळ्या गावाला ठाऊक होतं. बोजींनीच तसं दरबाराला कळवलं होतं.

तिनं लाखेचा डबा चटईवर ठेवून झाकण काढलं. मुरवलेली चहाची पानं, तीळ, तळलेला लसूण, शेंगदाणे. आमच्याकडे तंटा मिटला की दोन्ही बाजू साक्षीदारासमोर ही पानं खातात. घास गिळला की निकाल पक्का, मग तो कुणाला फिरवता येत नाही. बोजींनी डबा पाहिला आणि उजवा हात मांडीखाली घेतला.

“मला भूक नाही, पॉन.”

“भुकेसाठी आणलंच नाही, बोजी. को ल्हा, त्या ठाण्याबद्दल काय लिहिलंयस रे?”

मी बोजींकडे पाहिलं. ते कोंबडीकडे पाहत होते. मी वाचलं, “‘दुय्यमानं कच खाल्ली आणि ठाणं सोडलं.’”

“उत्सवात मठाची भांडी घासायला मला बोलावतात,” दॉ पॉन म्हणाली. “भाताच्या हंड्याजवळ जाऊ देत नाहीत. पळपुट्याची बायको ना मी. ते चाललं, लोकांची तोंडं कधीतरी थकतील. ताडपत्र थकत नाही, बोजी.”

“युद्धाचं बायकांना कळत नाही.”

“मग कळेल असं सांगा. तुम्ही कुमक घेऊन ठाण्याकडे निघालात, ती दोन दिवसांची वाट होती. तुम्हाला पाच का लागले?”

“नागाचं तोंड दक्षिणेला होतं,” बोजी म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा बळ आलं. हा मुद्दा कुणीही खोडू शकत नव्हतं. धरतीभोवतीचा नाग दर तीन महिन्यांनी तोंड फिरवतो आणि त्याच्या तोंडात कुणी फौज नेत नाही. “ज्योतिष्यानं वळसा घ्यायला सांगितलं. आधी पूर्वेला, मग खाली, मग उलट पश्चिमेला. माझी दोन हजार माणसं सुखरूप पोचली.”

“आणि चाळीस?”

आतून पावलं वाजली. दॉ मे नु दारात येऊन उभ्या राहिल्या. आज त्यांच्या तोंडावर थट्टा नव्हती.

“चपलांचं सांगा तिला,” त्या म्हणाल्या. “मला एकटीला किती वर्षं सांगणार?”

कोंबडीनं अंडी सारखी केली.

“ठाणं पॅगोड्याच्या चौथऱ्यावर होतं,” बोजी सावकाश म्हणाले. “मी पोचलो तेव्हा वर राख होती. गोऱ्यांनी प्रेतं नदीत टाकली असणार, एकही नव्हतं. खाली पायऱ्यांपाशी चपला होत्या. चाळीस जोड, ओळीनं लावलेल्या. पवित्र जागा म्हणून पोरं अनवाणी चढली होती.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “पळणारा माणूस चपला घालून पळतो, पॉन. मला ते तिथंच कळलं होतं. पण मला उशीर झाला असं कळवलं असतं, तर माझं डोकं गेलं असतं.”

“त्यात आमच्या यांच्याही होत्या का?” दॉ पॉननं विचारलं.

“एक पट्टा हिरव्या दोऱ्यानं शिवलेला.”

“मीच शिवला होता,” ती म्हणाली, आणि शेल्याच्या टोकानं डब्याची कड पुसत राहिली. कड स्वच्छच होती.

“को ल्हा,” बोजी म्हणाले, “लिही. ठाणं कुणी सोडलं नाही. मी वेळेवर पोचलो नाही.”

मी लिहिलं. “आणि वरचं, पाठ न दाखवल्याचं वाक्य?”

दॉ मे नुंनी ओलं फडकं माझ्यापुढे ठेवलं. बोजींनी मान हलवली. मी ते पुसलं आणि दुय्यमानं कच खाल्ल्याचंही पुसलं.

मग त्यांनी मांडीखालून हात काढला. तो डब्याकडे गेला आणि मध्येच थबकला. आम्ही तिघं त्या हाताकडे पाहत राहिलो.

“पॉन,” बोजी म्हणाले, “मला दात नाहीत. तेवढे शेंगदाणे वेचून बाजूला काढतेस?”