कडू पडदा

माझ्या लेकीचे, कोकिळेचे कान टोचले त्या वर्षाची ही गोष्ट. सन १९१३. चैत्रात तिचे कान टोचले आणि आषाढात छायानाथ महाराज रेल्वेने आमच्या लालबागला, म्हणजे बुऱ्हाणपूरच्या स्टेशनाला, उतरला. मी त्याला 'उतरले' म्हणणार नाही. ज्यांना म्हणायचं त्यांनी म्हणावं.

बरोबर तीन पायांचा कॅमेरा, काळा तंबू, तांब्याची एक कांडी आणि तीन पांढरे पडदे. आठ दिवसांत बुऱ्हाणपूरभर झालं, की हा महाराज मेलेल्या माणसाची सावली फोटोत आणतो.

"कोण गेलं? बाप्या, बाई, का लेकरू?" हा त्याचा पहिला प्रश्न. मग कांडी पुढे धरून तो जागा शोधायला निघे आणि मागे शंभर माणसं. कधी चांदनीच्या विहिरीपाशी, कधी तापीच्या काठावर, कधी किल्ल्याखालच्या भिंतीशी. कांडी थरथरली की ओरडे, "ठहरो! इथंच उभा आहे! हर आत्मा की अपनी जगह होती है, माई. जागा चुकली तर फोटो कोरा!" लोक त्या मातीला हात लावून नमस्कार करीत. झाडाखाली मात्र ती कांडी एकदाही थरथरली नाही. आमच्या गावचे सगळे आत्मे सकाळच्या लख्ख उन्हातच उभे राहत. हे मला मागाहून सुचलं. तेव्हा मीही वाकले होते.

जागा ठरली की तिथे पडदा बांधायचा, तोही घरच्या बाईनेच. पुढे खुर्चीवर घरचा माणूस बसायचा. चार दिवसांनी फोटो हातात येई, तर पांढऱ्या पडद्यावर माणसामागे काळसर सावली! माणसं रडत, फोटोला हळदकुंकू वाहत.

माझे सासरे शालिग्रामबापा दोन वर्षांपूर्वी वारले होते. सासू मालूबाई हट्टाला पेटली. फोटो आला. सावलीच्या डोक्यावर हे एवढं पागोटं.

"आत्याबाई, बापा तर जन्मभर टोपी घालायचे," मी म्हटलं.

"वर गेल्यावर देवानं पागोटं दिलं असंल. तुले काय करायचं व?" सासू म्हणाली. माझे मालक सुकलाल फोटोकडे बघून मुलासारखे रडत होते.

फोटोची दक्षिणा होतीच, पण खरी अट वेगळी होती. घरातल्या कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, सगळ्या पुड्या ताटात घालून महाराजापुढे ठेवायच्या; नसल्या तर विकत आणून. "गोऱ्याची कडू भुकटी ज्या घरात, त्या घरात आत्मा पाय ठेवत नाही. थू! आत्मा मीठा, भुकटी कडवी!" त्या काळी पोस्टात कोयनेलच्या पुड्या मिळत. तापीकाठी पावसाळा सरला की घरोघर हिवताप, आणि त्यावर तेवढंच एक औषध. सासऱ्यांच्या फोटोसाठी आमच्या अकरा पुड्या ताटात गेल्या. एक मी ओच्यात लपवली.

भाद्रपदात माझा गोटू तापाने फणफणला. सहा वर्षांचा होता. ती एक पुडी मी त्याला बोटाने चाटवली. अर्धी त्याने माझ्या हातावर थुंकली. "कडू आहे, आई," म्हणाला. हातावरची मी माझ्या जिभेने पुसली आणि त्याला दाखवलं, बघ, मी खाल्ली. मालक पोस्टात धावले. पुड्या संपल्या होत्या. सगळं गाव महाराजासाठी तिथून पुड्या नेत होतं. चौथ्या दिवशी गोटू गेला.

कार्तिकात कोकिळेला हुडहुडी भरली. शाळेचे वामन मास्तर शेजारीच राहत. त्यांनी खंडव्याहून सात पुड्या आणून माझ्या हातात दिल्या. त्याच संध्याकाळी मालक म्हणाले, "सरू, महाराजाले सांगून आलो. परवा आपल्या गोट्याचा फोटो."

"आणि पुड्या?"

"ठेवा लागतील."

"कोकिळेला काय देऊ? अंगारा?"

"एकदा पाहू दे मले त्याले," मालक म्हणाले. "एकदाच. मंग तू म्हणशील ते."

सासूने तर पुड्या उचलून ताटातच ठेवल्या आणि ताट देवापुढे सरकवलं. मला ताटाला हात लावू देईना. कोकिळा गोधडीत कुडकुडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी महाराजाचा पडदा घरी आला. आदल्या दिवशी तो घरी आणून त्याला धूप द्यायचा, असा नियम होता. बदमाशाला भीती नव्हती. पडद्यावर बघून काही कळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पांढरं कापड, चार कोपऱ्यांना चार नाड्या, एका कोपऱ्यात लाल दोरा, तो वर राहील असा पडदा बांधायचा. बस.

मी तो अंगणात दोरीवर पसरला. शेजारच्या कमलच्या फोटोत तिचं गेलेलं बाळ खुर्चीच्या डाव्या बाजूला उभं होतं. मंगलाचंही तिथेच, तसंच. म्हणजे माझा गोटूही उद्या इथेच उभा राहणार. माझे डोळे वाहत होते. ते पुसले आणि त्याच ओल्या बोटांनी मी पडद्यावरून, त्याची हनुवटी असेल तिथून हात फिरवला. लेकराचा मुका आम्ही असाच घेतो. त्याच्या हनुवटीला बोटं लावायची आणि ती आपल्या ओठांना लावायची. मी बोटं ओठांना लावली.

कडू.

ती चव मी कशी विसरेन? ती गोटूने माझ्या हातावर थुंकली होती. मी बाजूच्या कापडाला जीभ लावली. तिथे नुसती खळ. पुन्हा आत, कडू. जिभेने चाचपत गेले तर खांदा सापडला, हात सापडला, पाय सापडले. माझ्या हाताएवढं एक पोर त्या कापडावर कोयनेलने काढलेलं होतं.

मी तशीच वामन मास्तरांकडे गेले. ते आले, त्यांनीही चाखलं आणि ओट्यावर बसून मला समजावू लागले.

"सरुबाई, उन्हात एक प्रकाश असतो. तो आपल्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचेला दिसतो. कोयनेल तो प्रकाश पिऊन टाकतं. म्हणून आपल्याला इथे पांढऱ्यावर पांढरं दिसतं, पण काचेला तेवढाच भाग अंधारा दिसतो. त्याची सावली होते. तीन पडदे, बाप्या, बाई, लेकरू. कळलं?"

"मला एवढंच कळलं," मी म्हटलं, "माझ्या पोराचं औषध ह्यानं कापडाला पाजलं."

"उद्या सगळ्यांना सांगू या."

"सांगून कोण ऐकतं, मास्तर? दाखवू."

मी आत गेले, सुई घेतली, लाल दोरा उसवला आणि खालच्या कोपऱ्यात शिवला.

सकाळी किल्ल्याखालच्या भिंतीशी निम्मं लालबाग जमलं. कांडी थरथरली. "आ गया! लेकरू आलं, माई! हसतंय बघ!" पडदा मी बांधला, लाल दोरा वर. मालक खुर्चीवर बसले. सात पुड्यांचं ताट महाराजाच्या पायाशी होतं.

फोटोची काच धुवायला महाराज तंबूत निघाला तेव्हा वामन मास्तर हात जोडून पुढे झाले. "महाराज, मला चमत्कार जवळून बघू द्या. शाळेतल्या पोरांना सांगेन." स्तुतीला भुलला. घेतलं आत.

थोड्या वेळाने तंबूत झटापट झाली आणि मास्तर ओली काच घेऊन बाहेर आले. मागोमाग महाराज. "रुको! आत्मा रूठ गई! काच बघू नका, आंधळे व्हाल!"

मास्तरांनी काच उन्हात धरली. काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, पण आकार तोच असतो. मालक सरळ बसले होते. त्यांच्या मागे एक पोर खाली डोकं वर पाय करून लटकत होतं.

मग लोटू कुंभार म्हणाला, "महाराज, हे पोरगं वटवाघूळ झालं का वो?"

एक जण हसला. मग कोणी हसलं नाही.

"पडदा मी उलटा बांधला," मी म्हटलं. "पोर आभाळातून आलं नाही. कापडावर आहे. या, बोट ओलं करा आणि चाखा." कमल पुढे आली. मंगला आली. एकेक बाई बोट लावी, ओठांना नेई आणि तिचा चेहरा बदले. ती चव प्रत्येक घराला माहीत होती.

"आत्म्याचे अश्रू आहेत, माई!" महाराज ओरडला. "अश्रू कडवेच असतात!"

"असं?" मी म्हटलं. "मग चाट."

तो मागे सरला. मागे माझे मालक उभे होते. त्यांनी त्याची मान धरली. त्या दिवसापर्यंत मी त्यांना कोणावर हात उगारताना पाहिलं नव्हतं. "चाट," ते म्हणाले. "डोक्यापासून पायापर्यंत. माझ्या पोराले तू कापडावर काढलं ना? आता पुसून टाक."

त्याने चाटलं. डोकं, खांदे, पोट, पाय. ओकला, तर पुन्हा चाटलं. पाणी मागितलं, कोणी दिलं नाही. मास्तर म्हणाले, "पुरे आता." मी म्हटलं, "पाय राहिलाय." मला त्याची दया आली असं मी लिहिणार नाही. आज ऐंशीव्या वर्षीही ते आठवलं की मला बरं वाटतं.

त्याच्या पेटीत पुड्यांची चळत निघाली. पडद्याला मूठभर पुरत होतं, उरलेल्याचा त्याचा खंडव्याला धंदा होता. लोकांनी त्याच्या गळ्यात पडदा बांधून त्याला स्टेशनपर्यंत नेलं. परत आमच्या दारी आला असता तर मी त्याला दुसरा पडदाही चाटायला लावला असता. पुड्या मी आणि कमलने घरोघर वाटल्या. कोकिळा वाचली. तिला आता नातवंडं आहेत.

प्रत्येक पुडीवर औषध किती आणि कधी घ्यायचं ते छापलेलं होतं. आमच्या घरात ते कोणाला वाचता येत नव्हतं. पुढे चाळिशीत मी मास्तरांकडे अक्षरं गिरवली ती त्या पुडीसाठी.

वाचणाऱ्यांनो, गेलेल्या माणसाचा चेहरा कोणालाही हवासा वाटतो, त्यात लाज नाही. पण तो दाखवणारा मोबदल्यात काय मागतो ते बघा. जिवंत माणसाचं औषध मागत असेल तर त्याला दारातून हाकला. आणि जे डोळ्यांना खरं वाटतं, ते एकदा दुसऱ्या बाजूने, उलटं करून बघा. खरं असेल ते उलटं केलं तरी खरंच राहील.

माझा मुलगा गोटू सुकलाल, वय वर्षे सहा, हिवतापाने वारला. भाद्रपद वद्य नवमी, सन १९१३. औषध गावात होतं.