खुडूक बदक

विमान पाण्यावरून नदीच्या वळणापर्यंत धावत गेलं आणि दुसऱ्यांदा तसंच, न उडता परत आलं, तेव्हा सार्जंट ओतासिलिओनं तळाची फळी उचलून आत हात घातला. पाणी मनगटाच्या वर लागलं. त्यानं डबा घेतला आणि उपसायला सुरुवात केली.

"किती आलंय?" पुढून कॅप्टन मेनेगेत्ती ओरडला.

"नेहमीसारखंच. जरा जास्त."

"जरा म्हणजे?"

"उपसतोय ना मी. तुम्ही वाळूकडे लक्ष ठेवा."

मागच्या झोळीवजा बिछान्यावर जुसिमारा कुशीवर पडली होती. बाळ आडवं आलं होतं. कालपासूनच्या कळांनी तिचा आवाजही संपला होता. आता ती फक्त नवऱ्याचं, वाल्देनोरचं, मनगट आवळायची आणि सोडायची. विमानातला तरुण डॉक्टर तिच्याशेजारी गुडघे टेकून बसला होता. मनाऊस शहरातल्या इस्पितळाच्या टेबलावरच काय ते होईल, इथं नाही, हे त्यानं एकदाच सांगितलं होतं.

जुरुआ नदी त्या वर्षी लवकर उतरली होती. गावासमोर वाळूचं बेट उघडं पडलं होतं, आणि धावायला उरलं होतं ते बेटापासून वळणापर्यंतचं पाणी. त्यात वाऱ्याचा पत्ता नाही. पाणी तेलासारखं गुळगुळीत. अशा पाण्याला विमानाचं पोट चिकटून बसतं, सुटता सुटत नाही.

ओतासिलिओ या ताफ्यात आला तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. ही विमानं युद्धाच्या काळात समुद्रात पाणबुड्या हुडकायला आणलेली. युद्ध संपलं, पंखांखालचे बॉम्ब अडकवायचे आकडे निघाले, आणि त्याच विमानांनी नदीकाठचा संसार अंगावर घेतला. तांदूळ, रॉकेल, लशी, पाद्री, मास्तरणी, मतपेट्या, शवपेट्या, एकदा तर एक अंगानं धिप्पाड वासरू. जिथं धावपट्टी नाही तिथं नदी होतीच. संथ, फुगीर आणि पोट टेकून बसणारं, म्हणून लोकांनी या विमानाचं नाव ठेवलं खुडूक बदक. आता बेलेमच्या हवाई तळावर त्यातली बरीचशी गवतात उभी होती. एकाचे भाग काढून दुसऱ्याला लावता लावता शेवटी हे एक उडतं राहिलं होतं, आणि या फेरीनंतर तेही थांबणार होतं. तसा हुकूम होता. गावोगाव तो सांगायचं काम कॅप्टननं ओतासिलिओवर टाकलं होतं. "तुम्हाला ओळखतात ती माणसं. तुमच्या तोंडून बरं वाटेल."

पण एकेक गाव मागे पडत गेलं. दर ठिकाणी त्यानं पोती उतरवली, कॉफी प्यायली, पोराबाळांची चौकशी केली आणि निघताना सवयीनं म्हणाला, "बरंय, येतो." म्हटल्यावर जीभ चावली, इतकंच.

"वजन कमी करा," कॅप्टन म्हणाला.

नांगर गेला, साखळ्या गेल्या, जादा खुर्च्या गेल्या, अवजारांची पेटीही गेली. विमानाला लागून डोंगीत, म्हणजे लहान होडीत, उभ्या असलेल्या माणसांनी एकेक वस्तू हातोहात काठावर पोचवली. मग डॉक्टरनं वाल्देनोरच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी नवरा आहे तिचा," वाल्देनोर म्हणाला.

डोंगीतून त्याची आई एर्मिंदा, गावात मानानं 'दोना' म्हणायचे तिला, खेकसली, "उतर रे मुकाट्यानं! तिथं जाऊन काय दिवे लावणारेस? दारात उभा राहून रडशील. ते इथं रड."

वाल्देनोर उतरला. जुसिमाराचा हात तसाच हवेत उघडा राहिला, मग डॉक्टरनं तो धरला.

कॅप्टन जागेवरून उठून मागे आला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "अजून शंभरेक किलो कमी व्हायला हवेत," तो म्हणाला. इंधनाला हात लावता येत नव्हता. मनाऊस लांब होतं. ओतासिलिओनं डबा खाली ठेवला आणि चिंधीला हात पुसले.

"ते मीच आहे," तो म्हणाला. "माझी बायको कधीची सांगतेय, एक दिवस हे पोट तुम्हाला नडेल म्हणून."

"चेष्टा नको. डावं इंजिन कोण सांभाळणार?"

"एदिवाल आहे."

पंखाखालच्या अरुंद मानेत, जिथं मेकॅनिकची बैठक असते, तिथून कॉर्पोरल एदिवालचा चेहरा खाली डोकावला. वेताच्या काडीसारखा बारीक माणूस. डावं इंजिन महिनाभर तेल गाळत होतं. त्याची खोकण्याची पद्धत, त्याचे रुसवे, कधी त्याला जोर द्यायचा नि कधी ढील, हे सगळं ओतासिलिओच्या हातात होतं. ते काही सांगून देता येण्यासारखं नव्हतं.

"तो एकटा कधी बसला नाही," कॅप्टन हळू आवाजात म्हणाला.

"मग आज बसेल." ओतासिलिओनं वर पाहिलं. "तेलाचा काटा बघत राहा. धूर पांढरा असेल तर घाबरू नकोस. काळा झाला तर तोंड उघड, मनात ठेवू नकोस. कळलं?"

"कळलं, सार्जंट."

एदिवालचा आवाज चिरकला. ओतासिलिओनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जुसिमाराजवळून जाताना त्यानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. तिनं डोळे उघडले.

"येते, सार्जंट," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि बाजूच्या फुग्यासारख्या काचेच्या खिडकीतून छातीभर पाण्यात उतरला.

डोंग्यांना त्यानं ओरडून सांगितलं, "मोटार लावा आणि विमानाच्या पुढून आडवेतिडवे पळा! पाणी घुसळून काढा. आणि मी हात खाली केला की बाजूला व्हा, नाहीतर पंखाखाली जाल!"

गावातल्या तिन्ही मोटारी फटफटल्या. आरशासारख्या पाण्याला सुरकुत्या पडल्या, मग लाटा उठल्या. ओतासिलिओनं हात खाली केला. विमान गर्जत सुटलं. पाण्याच्या दोन भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागे काही दिसेना. वळणाजवळ भिंती एकदम पडल्या. विमान वर होतं, जेमतेम. काठावरच्या एका ताडाचा शेंडा वाकून परत सरळ झाला.

लोक ओरडले, कुणी नाचलं. ओतासिलिओ पाण्यातच कान देऊन उभा राहिला. इतकी वर्षं त्यानं तो आवाज आतून ऐकला होता, हाडांतून ऐकला होता. बाहेरून तो निराळाच होता. त्याला डावं कोणतं आणि उजवं कोणतं तेच कळेना. मध्येच आवाज अडखळल्यासारखा वाटला. मग झाडांनी तो गिळला.

"थांबला का?" त्यानं विचारलं.

"दूर गेला," एर्मिंदा म्हणाली.

"नक्की?"

तिनं डोंगी काठाकडे वळवली.

शाळेत एक रेडिओ होता. मनाऊसला पोचताच कॅप्टन निरोप देणार होता. दुपार झाली तरी रेडिओतून नुसती खरखर येत राहिली. शाळेच्या बाई बटण फिरवून फिरवून दमल्या. ओतासिलिओ दारात उभा राहायचा, नदीपर्यंत जायचा, परत यायचा. वाल्देनोर पाण्याच्या कडेला बसला होता, ज्या जागी डोंगीतून उतरला होता त्याच जागी. कुणीतरी त्याच्यासमोर जेवण ठेवलं, ते मुंग्यांनी खाल्लं. संध्याकाळी पलीकडच्या जंगलावर विजा चमकायला लागल्या तेव्हा बाईंनी रेडिओ बंद केला.

"विजांत काही लागत नाही," त्या म्हणाल्या. "त्याचा अर्थ वाईटच असतो असं नाही."

रात्री ओतासिलिओनं झोळी बांधली, पण तिच्यात पाठ टेकली नाही. आपण एदिवालला काय सांगायचं राहिलं, ते एकेक आठवत गेलं.

सकाळी एर्मिंदाच्या स्वैपाकघरात तो मासे साफ करायला लागला, हातांना काहीतरी काम हवं म्हणून. तेवढ्यात शाळेच्या बाई पळत आल्या. एका पायात चप्पल होती, दुसरी वाटेत राहिली होती.

"मुलगी झाली!" त्या दम लागून म्हणाल्या. "पोट उघडून काढली. रडली म्हणे चांगली."

"आणि जुसिमारा?" वाल्देनोर दारात आला होता.

"शुद्धीवर आहे. पाणी मागितलं तिनं."

वाल्देनोर उंबऱ्यावरच बसला आणि आईनं सांगितलं होतं तसा रडला. एर्मिंदानं त्याच्याकडे पाठ फिरवून चुलीत लाकूड सारलं, गरज नसताना.

"कॅप्टननं तुमच्यासाठीही निरोप दिलाय, सार्जंट," बाई म्हणाल्या. "डावं इंजिन पोचेपर्यंत चाललं. आता विमान काठावर ओढून ठेवलंय."

ओतासिलिओनं सुरी खाली ठेवली. त्याला एकदम थकवा जाणवला. बाई ही बातमी घरोघरी सांगायला गेल्या, वाल्देनोर त्यांच्यामागे गेला. घरात दोघंच उरली.

"दोना एर्मिंदा," तो म्हणाला, "एक सांगायचंय."

"बोल."

"खुडूक बदक आता येणार नाही. हेच नाही, कुठलंच. बंद केलीत सगळी."

ती माशांना मीठ चोळत होती. हात थांबले नाहीत. "माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"ईस्टरच्या सुमाराला रेडिओवर सांगितलं. सगळ्या नदीला माहीत आहे."

गेल्या सगळ्या गावांतले चेहरे त्याच्या डोळ्यांपुढून सरकले. कॉफी पुढे करणारे, उगाच घोळ घालणारे, निघताना धक्क्यावर उभे राहणारे. "मग कुणी बोललं का नाही मला?"

"तुझं तोंड बघून. एवढा मोठा माणूस, पोती उतरवताना डोळ्याला डोळा भिडवेना. म्हटलं, सांगेल जमेल तेव्हा. नाही जमलं तरी काय बिघडलं?" तिनं मासा उलटवला. "फक्त जुसिमाराला कळू दिलं नाही. पोटुशी बाई. उगाच घोर लागला असता."

बाहेर पोरं ओरडत काठाकडे पळाली. ओतासिलिओनं सुरी उचलून धुतली.

"इथून मनाऊसला बोटीनं जायला किती दिवस लागतात?"

एर्मिंदानं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट वळून पाहिलं. "तुला ठाऊक नाही? जन्मभर या नदीवर ये-जा करतोयस."

"बोटीत कधी बसलो नाही."

"बाई गं!" ती हसली, इतकी की तिला ॲप्रनच्या टोकानं डोळे टिपावे लागले. मग तिनं तव्याकडे हात केला. "जेव आधी. वाल्देनोर जाणारच आहे तिला आणायला. त्याच्याबरोबर बस. कळेल."