ताईंनी दिलेल्या कॅप्सूल

शालन कान्ह्याहून सकाळच्या लोकलने लोणावळ्याला जायची आणि दुपारपर्यंत तुंगार्लीला शुभदाताईंच्या बंगल्यावर असायची. स्वयंपाक, झाडलोट आणि जमेल तसं बागेचं काम. सात वर्षांत दोघींचं चांगलं जमलं होतं. ताई पूर्वी पुण्यात कॉलेजात शिकवायच्या. यजमान गेल्यावर त्या अमेरिकेत लेकीकडे राहायला गेल्या आणि तिथल्या रानात एक गोचीड चावल्याचं निमित्त झालं. ताप आला, सांधे धरले, चार पावलं चालवेना. वर्षभर तिकडचे डॉक्टर म्हणत राहिले की सगळं तुमच्या मनात आहे. पुढे निदान झालं, औषधं झाली, पण अंगातलं दुखणं काही पुरतं गेलं नाही. मग परत येऊन त्या लोणावळ्याला राहिल्या, आणि कुठेसं वाचून त्यांनी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्या. त्यानंतरच आपण उभ्या राहिलो, असं त्या सांगायच्या. शालनला त्यात खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं. ताईंना काठी टेकत चालताना तिने पाहिलं होतं, आणि आता त्या काठीशिवाय बाजारापर्यंत जाऊन येत होत्या.

दसरा झाला तेव्हा बंगल्यामागच्या उतारावर गवत कमरेएवढं वाढलं होतं. शालनने विळा घेतला आणि एका सकाळीत निम्मा उतार साफ केला. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना ती सारखी गुडघ्यामागे खाजवत होती, ते ताईंनी पाहिलं. त्यांनी तिला वळायला लावलं. डाळीच्या दाण्याएवढा गोचीड कातड्याला चिकटून बसला होता. शालनला त्याचं काहीच वाटलं नाही. माहेरी शेळ्यांच्या अंगावरचे गोचीड काढतच ती मोठी झाली होती. ताईंचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी चिमटा आणला, गोचीड सरळ ओढून काढला, जागा साबणाने धुतली आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण केली.

आठव्या दिवशी शालनला ताप भरला. डोकं असं ठणकत होतं की पोळी लाटताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. ताईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि आपल्या कपाटातली नवी बाटली तिच्या हातात दिली. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. शालन म्हणाली, डॉक्टरांना दाखवून येते.

"ये दाखवून," ताई म्हणाल्या. "पण तो व्हायरल म्हणेल आणि ताप उतरायची गोळी देईल. माझं वर्ष याच्यात गेलं. तुझं जाऊ नये."

आणि झालंही तसंच. घराजवळच्या डॉक्टरांनी साथीचा ताप म्हणून तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोचिडाचं त्यांनी विचारलं नाही आणि शालनने सांगितलंही नाही. मग तिला ताईंचंच खरं वाटलं. खाणं तर सुटलंच होतं, त्यामुळे उपाशीपोटीच ती कॅप्सूल घेत राहिली. मळमळायला लागलं तेव्हा तिला वाटलं, आतली घाण बाहेर पडतेय. पाचव्या दिवशी तिला उठून बसवेना. नवरा, बाजीराव, तळेगावच्या कंपनीतून पहिली पाळी संपवून आला, तिच्या कपाळाला हात लावला आणि शेजाऱ्याची रिक्षा बोलावून तिला कामशेतच्या एका दवाखान्यात घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण त्यांनी शालनला नीट तपासलं. तळहात उलटेसुलटे करून पाहिले. तळहातांवर आणि तळपायांवर बारीक लाल पुरळ होतं, ते घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. गुडघ्यामागे एक काळी खपली सापडली. गोचीड चावला होता का, असं त्यांनी विचारलं. शालनने होकारार्थी मान हलवली. त्या म्हणाल्या, हा गोचिडापासून होणारा ताप वाटतोय, औषध आजच सुरू करते. मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. लिव्हरला बरीच सूज होती. या तापात लिव्हरला सूज येते, पण इतकी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. दुसरं काही घेत होतात का, झाडपाला, काढा, कसली पावडर?

शालनने बाजीरावाकडे पाहिलं. त्याचा स्वभाव तिला ठाऊक होता. एरवी गप्प असायचा, पण एकदा डोक्यात राख गेली की समोर कोण आहे ते बघायचा नाही. तो थेट तुंगार्लीला जाईल आणि ताईंना दारात उभं करून बोलेल. ताई एकट्या. मुलगी तिकडे.

"न्हाई," ती म्हणाली. "काय बी न्हाई घेतलं."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना गोचीड कधी चावला ती तारीख हवी होती, आणि शालनला ती सांगता येईना. म्हणून बाजीरावाने ताईंना फोन लावला. ताईंनी तारीख सांगितली आणि विचारलं, कुठल्या दवाखान्यात आहात? दीड तासाने त्या स्वतः दारात उभ्या होत्या. एकटीने इतक्या लांब त्या कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. जिना चढून त्यांना धाप लागली होती. शालनच्या हाताला सलाईन लावलेलं पाहून त्या सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि पर्समधून तसलीच दुसरी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"हे मी दिलं तिला. रोज चार. पाच दिवस. तिने सांगितलं नसेल, मला माहीत आहे."

बाजीराव खुर्चीवरून उठला. शालन पलंगावरून म्हणाली, "अवो, बसा. त्यांनी माझ्या बऱ्यासाटीच दिलं."

तो बसला नाही. बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं सगळं बारीक अक्षर वाचलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कपभर ग्रीन टी प्यायला माझी काही हरकत नाही. पण अर्कात चहाचे कितीतरी कप एकवटलेले असतात, आणि उपाशीपोटी घेतला तर काहींच्या लिव्हरला तो सोसत नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत काही जंतूंवर त्याचा परिणाम दिसला असेल, पण माणसाच्या अंगातला हा ताप त्याने बरा होत नाही. त्याला ठरलेलं औषध आहे, तेच द्यावं लागतं, आणि लवकर द्यावं लागतं. तुम्ही गोचीड नीट काढलात, तारीख लिहून ठेवलीत, ते फार चांगलं केलंत.

एवढं ऐकून ताई रडायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, तुम्ही स्वतः हे किती वर्षं घेताय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शालनचा ताप उतरला. तिसऱ्या दिवशी तिने मऊ भात खाल्ला. लिव्हरचे आकडे खाली यायला पंधरा दिवस लागले आणि अंगातली ताकद परत यायला महिना गेला. त्या महिन्यात बाजीरावाने ताईंचं नाव काढलं नाही. ताई रोज फोन करायच्या, तो उचलायचा, "बरी हाय," एवढंच सांगायचा आणि फोन शालनकडे द्यायचा.

कामावर परत गेली त्या दिवशी ताईंनीच खिचडी करून ठेवली होती. तिच्यात मीठ कमी होतं. जेवण होईपर्यंत ताई इकडचं तिकडचं बोलत राहिल्या, मग म्हणाल्या की त्यांनी अजून स्वतःचं रक्त तपासून घेतलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा निरोप पाठवला होता.

"मला भीती वाटते शालन. रिपोर्टची नाही. त्या कॅप्सूल बंद करा म्हणतील, त्याची."

आजारपणात एका गोष्टीवर भरवसा ठेवणं म्हणजे काय, हे शालनला आता माहीत होतं. पाच दिवस तिनेही ठेवला होता.

"पुन्हा दुखायला लागलं तर?" ताईंनी विचारलं.

"तर दुखंल," शालन म्हणाली. "पर या डॉक्टरीणबाई मनातलं हाय म्हणायच्या न्हाईत. माझं पायाचं तळवं बी बघितलं त्यांनी. चला, मी येते संगं."

दोघी गुरुवारी गेल्या. डॉक्टरीणबाईंनी ताईंचे सगळे जुने कागद पाहिले आणि पाऊण तास ऐकून घेतलं. लिव्हर थोडं बिघडलेलं निघालं. कॅप्सूल बंद झाल्या, सांध्यांसाठी व्यायाम आणि वेगळं औषध सुरू झालं. पुढच्या तीन महिन्यांत ताईंना दोनदा वाईट दिवस आले. त्या दोन्ही दिवशी शालन संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबली आणि त्यांचे गुडघे शेकत बसली. बाकीचे दिवस बरे गेले, काही तर चांगलेच गेले.

उरलेलं गवत कापायला बाजीराव आला. लांब पँट, पायात बूट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसे. ताईंनी त्याला चहा दिला, साधा, दुधाचा. त्याने तो पायरीवर बसून प्यायला आणि विचारलं, "ताई, खालच्या अंगाचं बी कापू का आजच?"