लूसीची पिल्लं

"मारू नको वं तिले! दात शिवशिवून राह्यले तिचे, म्हनून चावते ते," म्हणत बेबीताईंनी अर्पिताच्या हातातला बूट काढून घेतला. बुटाचं टोक कुरतडून पार चोथा झालं होतं. पिल्लू पलंगाखाली दडून बसलं होतं.

"उद्या शाळेत काय घालू मी?" अर्पिता रडकुंडीला आली होती. "मला नकोच ही. तुम्हीच ठेवा, मावशी."

वाढदिवसाला हट्ट करून आणलेलं लॅब्राडॉरचं ते पिल्लू महिनाभरात असं बेबीताईंच्या पदरात पडलं. त्याचं लूसी हे नाव तेवढं अर्पितानं ठेवलेलं होतं.

दिग्रसच्या त्या बंगल्यात बेबीताई स्वयंपाकाला होत्या. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ झालं नाही. अर्पिताच्या आईनं, वर्षामॅडमनी, मागच्या अंगणातली एक खोली त्यांना राहायला दिली होती. लूसी तिथंच वाढली. बेबीताई तिला दहीभात कालवून द्यायच्या, मॅडमच्या नकळत उकडलेलं अंडंही द्यायच्या. मे महिन्यात पत्रा तापला की पोतं भिजवून फरशीवर अंथरायच्या. लूसी त्यावर पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे पसरून पडायची आणि बेबीताई भाजी निवडत तिच्याशी बोलत राहायच्या.

पावसाळ्यात लूसीला रक्ताचे जुलाब लागले. मॅडम कॉलेजात होत्या. बेबीताईंनी तिला लुगड्याच्या घडीत गुंडाळलं आणि चालतच गुरांच्या दवाखान्यात नेलं. सलाईन संपेपर्यंत तिचा पाय हातात धरून त्या खाली जमिनीवर बसून होत्या.

"कोणाचं आहे हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"माह्यं," त्या बोलून गेल्या आणि मग गडबडीनं मॅडमचं नाव सांगितलं.

लूसी वाचली. चांगली थोराड झाली. बेबीताई बाजारातून आल्या की फाटकाशी अशी अंगावर उडी मारायची की हातातली पिशवी खाली पडायची. दोन वर्षं अशी गेली. मग साहेबांची पुण्याला बदली झाली, बंगला विकायला निघाला.

"मॅडम, लूसीले मी ठेवते," बेबीताई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तोंड उघडून कधी काही मागितलं नव्हतं.

"अहो, तुम्ही बहिणीकडे जाणार. तिथं एवढं मोठं जनावर कुठं ठेवणार?" वर्षामॅडमनी समजुतीच्या सुरात सांगितलं. "नेरजवळ संजयभाऊंचं शेत आहे. ते कुत्री पाळतात. मोकळी जागा आहे, ती सुखात राहील. शब्द दिलाय मी त्यांना."

बहिणीच्या घरी खरंच जागा नव्हती. बेबीताईंनी लूसीला जाऊ दिलं.

वर्षभरानं, दिवाळी झाल्यावर मात्र त्यांना राहवेना. दारव्ह्याला गाडी बदलून त्या नेरला उतरल्या आणि विचारत विचारत शेतावर पोचल्या. कपाशीच्या कडेला टिनाचं लांब शेड होतं, आत जाळीचे खण. शेवटच्या खणात लूसी सिमेंटवर आडवी पडली होती. पोटाशी पिल्लांची झुंबड. बरगड्या मोजता येत होत्या, कोपरांची कातडी घासून लाल झाली होती.

"लूशे," बेबीताईंनी हाक मारली.

लूसी उठली. आचळांना लोंबलेली पिल्लं खाली पडली. तिनं उडी मारली नाही, भुंकली नाही. जाळीला अंग घासत ती नुसती उभी राहिली. बेबीताईंनी जाळीतून बोटं घातली, तेव्हा ती चाटत राहिली.

"दुसऱ्यांदा व्याली का रे हे?" त्यांनी संजयला विचारलं.

"हो ना, मावशी. पिल्लायले लय मागणी हाय सध्या. चांगल्या जातीची हाय तुमची लूसी." संजय माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला होता, बसायला खुर्ची दिली होती.

"थोडा दम घेऊ दे तिले. नाईतं मले दे. मी नेते म्हनते तिले."

"आता कशी देऊ, मावशी? आता पिल्लं द्यायच्या वयात हाय ती. म्हातारी झाली का घेऊन जा खुशाल."

त्या दिवसापासून बेबीताई एका कुत्रीच्या म्हातारपणाची वाट पाहू लागल्या. एका खानावळीत पोळ्या लाटायचं काम त्यांनी धरलं. मालकिणीच्या परसात पडवी होती, तीही राहायला मागून घेतली. बहीण तानाबाई हसायची. "काहून वं बाई, कुत्र्यासाठी घर करून राह्यली का तू?"

"तिचे पाय दुखतीन तवा. पायऱ्या नसलेली जागा पायजे," बेबीताई म्हणायच्या.

पुढच्या वर्षी, ऐन पौषातल्या थंडीत, संजय पडवीत येऊन उभा राहिला. हातात टोपली होती.

"लूसी गेली, मावशी. पोटात एक पिल्लू आडवं होतं. डॉक्टर येईपर्यंत दम नाई निघाला तिचा."

बेबीताईंच्या हातावर कणीक तशीच होती. "कुठं पुरली?"

संजयनं मान खाली घातली. "गड्याले सांगतलं होतं मी. जमीन टणक लागली म्हनते. नाल्यात टाकून आला."

टोपलीत चिंध्यांवर चार पिल्लं होती. डोळे मिटलेले, अंग गार. "दुसरी कुत्री या पिल्लायले जवळ घेत नाई. तुमच्याबिगर कोनी जगवनार नाई."

बेबीताईंनी हात धुतले आणि टोपली घेतली.

गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून त्यांनी पिल्लांभोवती रचल्या. शेजारून शेळीचं दूध आणलं, ड्रॉपरनं थेंब थेंब पाजलं. आई चाटते तसं ओल्या कापसानं पोट पुसल्याशिवाय पिल्लं मुततही नव्हती, तेही केलं. एक दुसऱ्याच दिवशी गेलं. त्याला मात्र त्यांनी स्वतः खुरप्यानं खड्डा खणून परसात पुरलं. बाकीच्यांनी डोळे उघडले, पडवीभर धावू लागली. दोन नर संजयच्या गिऱ्हाइकांनी नेले. मादी राहिली. कोणी विचारायलाही येईना, तेव्हा बेबीताईंना वाटू लागलं, की राहील ही इथंच.

संजय आला तेव्हा त्या आधीच बोलल्या. "हे माह्याजवळ राहू दे. मले दुसरं काई नको तुह्याकडून."

संजयनं पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला, जबडा उघडून पाहिला. "हिले इकायची नाई, मावशी. आईचंच हाड हाय. शेतावरच ठेवतो, पुढं कामी येईन."

"कोनत्या खनात?"

"तो शेवटचाच रिकामा हाय."

पिल्लू दूध पिऊन नुकतंच झोपलं होतं, पोट टम्म. बेबीताईंनी ते दोन्ही हातांनी हळूच उचललं आणि गाडीपर्यंत नेलं. ते जागं झालं नाही. संजयच्या हातात गेल्यावरही झोपेतच त्याचं तोंड दूध ओढल्यासारखं हलत होतं.