कोनाड्यातली वाटी

“पाणी उकळून थंड केलं, सुया नव्या घेतल्या, आन् तरी दोघाईले कशी लागली वं बाई ही बिमारी?” वच्छलाबाईने मयुरीला विचारलं. तिचा धाकटा मुलगा शिवम आणि त्याचा जिवलग मित्र प्रसेनजित, दोघांच्याही रक्तात हिपॅटायटिस सी निघाला होता.

मयुरी खामगावहून पिंपळगाव राजा या गावी यायची. नशा टोचणाऱ्या पोरांना नव्या सुया द्यायची, जुन्या गोळा करून न्यायची. वच्छलाबाईचा थोरला मुलगा गणेश याच आजाराने पोटात पाणी होऊन गेला, तेव्हा तिने काळजावर दगड ठेवला. धाकटा सोडत नाही ना, मग निदान आपल्या डोळ्यांदेखत स्वच्छ सुईने टोचू दे. गावाने छी-थू केली. तिने गावाला धूप घातली नाही.

“नशा कालवायले पाणी कशात देता, मावशी?” मयुरीने विचारलं.

“वाटीत.”

“दोघाईले एकच?”

“मंग? माह्या घरात त्या लेकराले वेगळं भांडं नाई.”

हे ती ताठ मानेने म्हणाली. प्रसेनजितच्या आज्यासाठी तिच्या सासूने ओसरीबाहेरच्या कोनाड्यात जर्मनची वाटी वेगळी ठेवली होती. चहा पिऊन म्हातारा ती स्वतःच विसळायचा, पालथी घालायचा. सासू गेल्यावर वच्छलाबाईने पहिलं काम काय केलं, तर ती वाटी मोडीत घातली.

मयुरी म्हणाली, “सुई वेगळी असली तरी टोचलेली सुई पुन्हा बुडवली का एकाचं रक्त पाण्यात उतरते, मावशी. दुसरा तेच वढते. गोळ्याईनं हे बरं होते, पण वाटी एकच राह्यली तं पुन्हा लागन.”

आपल्याच हाताने वाढलं होतं वच्छलाबाईने ते पाणी.

संध्याकाळी तिने दोघांपुढे स्टीलच्या दोन वाट्या ठेवल्या. “बिमारीसाठी हाय रे बापू. दुसरं काई नाई मनात.”

“समजते ना काकू मले,” प्रसेनजित म्हणाला. हसलाही. पण निघताना वाटी उचलून नळाकडे गेला.

“राहू दे, मी धुतो,” वच्छलाबाई म्हणाली.

“नाई काकू. माही मीच धुतो.”

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पुढेही नाही.

“स्टँडामागं बसते आता,” शिवम भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “भेटन त्या सुईनं टोचून राह्यला.”

“बोलाव ना त्याले!”

“नाई येत तो, माय.”

पायात चपलाही न घालता ती त्याला शोधायला निघाली आणि ओसरीच्या पायरीवरच थबकली. बाहेरच्या कोनाड्यात स्टीलची वाटी होती, लख्ख विसळलेली, पालथी.