कार्डावरचा गाल

अकोल्याच्या गुलफामने वीस वर्षांत निम्म्या शहराचे फोटो काढले, आणि निघाला तसा चेहरा एकाही गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला नाही. सावळ्याला उजळ करायचं, मुरूम पुसायचे, डोळ्यांखालचं काळं घालवायचं. त्यात विचारायचं काय, असा त्याचा खाक्या. गिऱ्हाईक खूश आणि हाही खूश.

यंदा नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्याने त्याला कामगारांच्या ओळखपत्रांचं काम दिलं. तिथं बनावट कार्ड दाखवून भलतीच माणसं आत शिरत होती. गुलफामने तोड काढली. फोटोतल्या उजव्या गालाच्या बारीक ठिपक्यांत कामगाराचा नंबर दडवायचा. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण वर रेघांची पारदर्शक पट्टी ठेवली की आकडे उमटतात. कार्डं देताना तो मॅनेजर खुशालरावांना छाती काढून म्हणाला, "सायेब, पट्टीखाली नंबर नाई आला, त डोये मिटून समजा का कार्ड नकली हाये."

पंधरा दिवसांनी खुशालरावांनी त्याला बोलावून घेतलं. एक नकली कार्ड सापडलं होतं.

गेटवर पाळी सुटली होती. कामगारांच्या घोळक्यात एक बाई उभी होती, माणिकबाई. अमरावतीची, नुकतीच कामावर लागलेली, त्यामुळे तिच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. खुशालरावांनी पट्टी ठेवून दाखवली. गाल कोराच.

"आन् हे पाहा," ते म्हणाले, "फोटोतल्या बाईच्या गालावर डागच नाई. हिच्या गालावर केवढा मोठा हाये!"

डाग भाजल्याचा होता, उजव्या गालावर हाताच्या तळव्याएवढा. गुलफामला तो डाग लगेच आठवला. बाकीचे चेहरे त्याने नंबर दडवायच्या आधीच साफसूफ केले होते. हा एक तेवढा राहून गेला होता, तो ऐन छपाईच्या वेळी नजरेत भरला, आणि बाईमाणसाला असं बरं दिसत नाही म्हणून सवयीने हात फिरला. डागासोबत नंबरही गेला.

"भाऊ, तुमीच त काढला माहा फोटू," माणिकबाई काकुळतीला येऊन म्हणाली. "इथंच, खुर्चीवर बसवून. सांगा नं यायले."

एवढंच सांगायचं होतं. पण शेजारच्या कारखान्याचंही काम मिळायच्या बेतात होतं, आणि खुशालराव कौतुकाने त्याच्याकडे बघत होते.

"रोज शंभर चेहरे पाह्यतो, सायेब," गुलफाम म्हणाला. "ध्यानात नाई राह्यत. पन नंबर नाई, म्हंजे..."

पुढचं त्याने गिळलं. पुढचं लागलंही नाही. माणिकबाईचं कार्ड काढून घेतलं. घोळक्यातून कोणीतरी "चोट्टी" म्हणालं. ती तोंडाला पदर लावून निघून गेली.

घरी त्याला घास उतरेना. आरशासमोर दाढी करायची लाज वाटली. दोन दिवस त्याने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी कारखान्यातल्या एकीकडून पत्ता घेऊन तो अमरावतीत माणिकबाईच्या दारात गेला. ही आता चार शिव्या हासडेल, असं त्याला वाटलं होतं. हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि स्वतःच ओशाळून म्हणाली, "तुमचा काई दोष नाई, भाऊ. माह्या तोंडानंच घात केला. ह्या डागापाई तुमचा नंबर बसलाच नसन. मले आदीच सांगाले पायजे होतं."

गुलफामला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. "ताई, पानी नोका देऊ मले," तो म्हणाला. "कारखान्यात चाला."

पाळी सुटायच्या वेळेला, त्याच गेटवर, त्याच लोकांसमोर तो मान खाली घालून बोलला. "कार्ड खरं हाये, सायेब. ह्या बाईचा फोटू मीच काढला. डाग मीच पुसला, त्याच्यासंगं नंबर गेला. त्या दिवशीच मले सारं समजलं होतं. मी बोललो नाई."

खुशालराव लालबुंद झाले. शेजारचंच काय, हातातलंही काम गेलं, हे गुलफामला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तरी त्याला जरा हलकं वाटलं, म्हणून त्याने मान वर केली.

माणिकबाई त्याच्याकडेच बघत होती. आज पदर तोंडावर नव्हता.

"पन डाग पुसाले तुमाले सांगतलं कोनं होतं?" तिने विचारलं.