कार्मेनमातेच्या उतारावरचे ब्रेक

जुलै महिन्यात वाहनचालकांची कैवारी कार्मेनमाता हिची स्वारी ट्रकावरून टेकडीवरच्या देवळातून गावात उतरते, तेव्हा तिच्या ट्रकामागे पहिला मान सायकलस्वारांच्या ध्वजाचा असतो. बोयाका प्रांतातल्या त्या डोंगराळ गावात तो ध्वज एका हाती धरून दगडी उतार उतरण्याचा मान एलिसेओ मास्तरांकडे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला होता. गतवर्षी मात्र अघटित घडले. भर मिरवणुकीत मास्तर ध्वजासकट कोसळले. मनगट मोडले, ते यथावकाश सांधले. पण उत्सवाच्या मंडळाने निरोप धाडला की, यंदा पुन्हा पडलात तर ध्वज दुसऱ्या हाती जाईल.

सायकलीचे टायर बारीक, दगडांच्या फटीत अडकले, असा निवाडा साऱ्या गावाने एकमुखाने दिला. म्हणून मास्तरांनी रुंद टायर आणले. ते चाकांवर चढले खरे, परंतु चाके फिरेनात. कॅलिपर ब्रेक हा चाकाच्या कडांना दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटाच. त्याची कमान टायरच्या माथ्यावरून जाते. जुन्या ब्रेकची कमान इतकी ठेंगणी की, नवे टायर तिला घासू लागले. आता लांब हातांचा ब्रेक हवा होता.

इथून मास्तरांच्या सहनशक्तीची परीक्षा सुरू झाली. कारण त्यांच्या मुलीचा धर्मपिता आणि त्यांचा जन्माचा सोबती कुस्तोदियो तरुणपणी सायकलच्या शर्यतीत उतरलेला होता, आणि तेव्हापासून त्याला विचारल्यावाचून गावात कोणी हवासुद्धा भरू नये, अशी त्याची समजूत होती.

"लांब हातांचा ब्रेक?" कुस्तोदियो अंगणात येताच म्हणाला. "अहो मास्तर, तो म्हणजे म्हाताऱ्याचे दात! लागतात, पण धरत नाहीत. हात लांब की लवणारच. शर्यतीचाच घ्या, आखूड."

"शर्यतीचा बसत नाही, म्हणून तर ही सगळी कटकट चाललीय. आणि मला पळायचंय कुठं? मातेच्या ट्रकामागं मुंगीसारखं उतरायचंय."

"मग माप तरी नीट घ्या. सरका बाजूला, मी घेतो."

त्याने माप घेतले. चौकटीतल्या ब्रेकच्या छिद्रापासून चाकाच्या धातूच्या कडेपर्यंत मोजायचे असते; याने मोजले टायरच्या माथ्यापर्यंत. मागवलेला ब्रेक आला, तो चाकाच्या कडेऐवजी रबरालाच चावू लागला.

"हे काय हो?" मास्तरांनी कपाळावर हात मारला.

"टायर जास्तच फुगवलेत तुम्ही," कुस्तोदियो शांतपणे म्हणाला. "अर्धी हवा सोडा."

"तुम्हीच सोडा ना थोडी! सकाळपासून तुमच्याच डोक्यात भरतेय!"

खिडकीतून मास्तरांच्या पत्नी एर्मेलिंदाबाईंचा आवाज आला, "अहो, दोघं मिळून ती सायकल भंगारवाल्याला देऊन टाका, म्हणजे मातेलाही शांतता अन् मलाही!"

शेवटी मास्तर एकटेच सायकलवाल्या एवारिस्तोच्या दुकानी गेले, आणि स्वतः मोजून, दोन खिळ्यांवर फिरणारा, मध्यम हातांचा ब्रेक निवडला. त्याची पकड भक्कम होती, आणि टायर व कमान यांच्यामध्ये चिखलाला वाट राहील एवढी मोकळीकही होती. एवारिस्तोने पुढे-मागे दोन्ही ब्रेक चढवले. देवळाखालच्या उतारावर दोन्ही हातांनी ब्रेकच्या मुठी दाबताच सायकल आज्ञाधारक शिष्येप्रमाणे उभी राहिली. मास्तरांना कृतकृत्य वाटले.

मिरवणुकीच्या आदल्या सकाळी एर्मेलिंदाबाईंनी त्यांना चीजचे गोल पाव आणायला पिटाळले. सायकलीवरून परतताना पावांची गरम पिशवी उजव्या हाती होती आणि डावा हात मुठीवर. चौकातल्या उतारावर एक मांजर आडवे गेले. मास्तरांनी डावी मूठ दाबली. पुढचे चाक जागच्या जागी खिळले, एकहाती धरलेला हँडलचा दांडा गर्रकन वळला आणि मास्तर कसेबसे पाय टेकून वाचले. पाव मात्र चौकभर घरंगळले.

मास्तर तिथेच उभे राहिले. हाच तो हिसका. गतवर्षी असाच दांडा वळला होता. त्या वर्षी डावा खांदा आखडला होता, तो अजूनही सुटलेला नव्हता; म्हणून पिढीजात डाव्या हातातला ध्वज त्यांनी प्रथमच उजव्या हाती घेतला होता. त्यामुळे उजवीकडची, मागच्या ब्रेकची मूठ सुटली आणि डाव्या हाती राहिली केवळ पुढच्या ब्रेकची. टायर बिचारे निर्दोष होते. इतके दिवस सायकलीची चर्चा झाली, ती सारी दोन्ही हात मोकळे असलेल्या माणसाची. ध्वज कोणाच्याच ध्यानी नव्हता. स्वतः त्यांच्याही नाही.

ते तडक दुकानात गेले. "एवारिस्तो, तारा अदलाबदल कर. डाव्या मुठीला मागचा ब्रेक."

"उलटं होईल, मास्तर."

"माझा खांदाच उलटा झालाय, बाबा. कर."

दाराशी कुस्तोदियो उभा होताच. "बघा, बघा! मी पहिल्या दिवसापासून काय सांगतोय?"

"काय सांगत होतात?" मास्तर कडाडले.

"हेच की, ब्रेकमध्ये काहीतरी गडबड आहे!"

मास्तरांनी सायकल एवारिस्तोच्या पुढ्यात सरकवली.

दुसऱ्या दिवशी भोंग्यांच्या गजरात माता उतरू लागली. ट्रक कासवाहून मंद, दगड पहाटेच्या दवाने निसरडे. उजव्या हाती ध्वज उंच, डाव्या हाती मूठ जराशी दाबलेली. मागचे चाक धरून ठेवल्यासारखे, पुढचे मोकळे. गतवर्षीच्या जागी आल्यावर मास्तरांनी मनोमन मातेला नमस्कार केला. सायकल डगमगली नाही. ध्वज चौकात उभाच पोहोचला.

गर्दीतून कुस्तोदियोचा आवाज आला, "ब्रेक मीच निवडून दिलेत हो!" आणि एर्मेलिंदाबाई शेजारणीला सांगत होत्या, "रुंद टायरची करामत बाई, रुंद टायरची!"

मास्तरांनी खुलासा करण्यासाठी तोंड उघडले. मग मातेच्या मूर्तीकडे पाहिले, तोंड मिटले, आणि ट्रक पूर्ण थांबेपर्यंत मूठ तशीच दाबून धरली.